दीडशे किलोमीटरवरची भरती

पौष शुद्ध प्रतिपदा, मंगळवार, रात्र

पहाटे पारा दहाच्या खाली गेला की नाशिककरांना समुद्र आठवतो. ओटीवर, ऑफिसात, भाजीच्या रांगेत एकच चर्चा. अंदमान करायचं की बाली? की नेहमीसारखं दिवेआगर? आणि या यादीत आपल्या सगळ्यात जवळचा किनारा क्वचितच येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाशिकचा समुद्र म्हणजे डहाणू, बोर्डी, केळवे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली उतरलं की डहाणू साधारण दीडशे किलोमीटर. जव्हारहून विक्रमगड, मनोर, पालघर अशी वाट धरली तर केळवेही जवळपास तेवढंच. अलिबाग अडीचशेच्या आसपास, तारकर्ली पुणे-कोल्हापूरमार्गे सहाशेच्या आसपास. तरीही सुट्टी लागली की गाड्या पुण्याकडे वळतात.

त्र्यंबकच्या डोंगरात दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेला वळते आणि 1465 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि केळव्याच्या दक्षिणेला, दातिवरे-अर्नाळ्याच्या मधल्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. त्र्यंबकहून हा समुद्र हवाई अंतराने नव्वदएक किलोमीटर. आपण सगळे गोदेची लेकरं, म्हणून बहुधा आपल्यालाही लांबची वाट जवळची वाटते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहून ठेवायला हवी, नाहीतर तिथे पोचल्यावर चेहरे पडतात. बोर्डीचं पाणी निळं नाही. ते मातकट आहे आणि तसंच राहणार. उत्तरेला खंबातच्या आखातात तापी आणि नर्मदा गाळ आणून टाकतात. आपल्या बाजूच्या खाड्यांचा गाळ वेगळा. त्यात भरती-ओहोटीचा ओढ इतका की तो गाळ कधी खाली बसतच नाही. अंदमान-लक्षद्वीपला मोठ्या नद्या नाहीत आणि प्रवाळ आहे, म्हणून तिथे कमरेएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसतात. बोर्डीच्या पाण्याला कचरा किंवा घाण समजून नाक मुरडणं अन्यायाचं आहे. याच गाळावर पापलेट आणि बोंबील पोसले जातात. मात्र मनात फोटोतला निळा रंगच असेल तर बोर्डीला जाऊ नये. पैसे साठवून लांब जावं, ते रास्त आहे.

पौष शुद्ध द्वितीया, बुधवार

जवळच्या किनाऱ्याबद्दलची निम्मी नाराजी भरतीची वेळ न बघता गेल्यामुळे होते. बोर्डीचा किनारा अतिशय सपाट. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की सुरूच्या बनातून बाहेर आलेला माणूस विचारतो, समुद्र कुठंय? समोर ओला चिखलट पट्टा, त्यात चालणारे बगळे आणि क्षितिजाजवळ एक रेघ. दोन तास थांबून लोक परत फिरतात आणि गावभर सांगतात की तिथे काही नाही.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब पाठ करून ठेवावा: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब एकच. चंद्र रोज पाऊण तासाच्या वर थोडा उशीर करतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि डहाणू-बोर्डीला मुंबईपेक्षा थोडी उशिरा भरती लागते. निघण्यापूर्वी छापील तक्ता किंवा मोबाईलवरची वेळ बघावीच. पण तीन आठवडे आधी सुट्टी टाकताना पंचांग पुरतं.

येत्या शनिवारी पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. बोर्डीसाठी चारच्या पुढे धरू. म्हणजे सकाळी नऊ-दहाला पोचणाऱ्याला समुद्र आटलेला दिसेल आणि साडेदहानंतर पाणी चढायला लागून दुपारी एकपर्यंत निम्मं चढलेलं असेल. मुलांना पाण्यात सोडायची वेळ दोन ते चार, मोठी माणसं बाजूला उभी असताना. त्यानंतर पाणी उतरतं आणि सव्वासहाच्या आत सूर्य बुडतो. सकाळचा वेळ वाया घालवू नये. ओल्या वाळूवर चालावं, शंख-शिंपले आणि खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी बघावी. नाहीतर कोसबाडच्या टेकडीवर जाऊन यावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे याच टेकडीवर वाढलं. घरात शिक्षक असतील तर तेवढ्यासाठीसुद्धा ही वाट धरावी.

अष्टमीच्या आसपास मात्र बेत करू नये. आठ गुणिले पाऊण सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ऐन दुपारी बारा-एकला ओहोटी. एका दिवसात जाऊन येणाऱ्यासाठी ही सगळ्यात वाईट तिथी. भर म्हणजे तेव्हा भांग (उधाणाच्या उलट, दुबळी भरती) असतो, पाणी जेमतेम चढतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन दिवस उधाण. तेव्हा पाणी सुरूच्या मुळांपर्यंत येतं, दिसतं भव्य, पण त्याचा वेग ओळखून वागावं लागतं.

हा वेग समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. उधाणाला चार मीटरचा चढ धरला तर त्या दोन तासांत दोन मीटर. किनाऱ्याचा उतार शंभरात एक असेल, तर दोन मीटर चढलेलं पाणी दोनशे मीटर आत सरकतं. आणि ते समोरून भिंतीसारखं येत नाही. वाळूत किनाऱ्याला समांतर उथळ चर असतात, ते आधी भरतात. पाण्याच्या रेघेपर्यंत चालत गेलेला माणूस समोर बघत फोटो काढत असतो आणि त्याच्या पाठीमागचा चर कमरेपर्यंत भरलेला असतो. त्यामुळे ओहोटीची सर्वात खालची वेळ झाली की परत फिरायचं, पाणी यायला लागल्यावर नव्हे.

पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, घासत चालावं. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असतं. पायाच्या चाहुलीने ते निघून जातं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

पौष शुद्ध तृतीया, गुरुवार

लांबच्या प्रवासाचा हिशोब पैशात करतात, तो तासांत करावा. नाशिकहून मुंबई विमानतळ. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, तरी भिवंडीच्या पुढे मुंबई ती मुंबईच. विमानाच्या दोन तास आधी हजेरी. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, थेट विमान मिळालं तर साडेतीन तासांच्या आसपास, नाहीतर चेन्नई किंवा कोलकात्याला बदल. तिथून हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, बोटीने दीड ते अडीच तास, आणि बोटीची वेळ विमानाशी जुळेलच असं नाही. पाच दिवसांच्या रजेतले दोन दिवस असे जातात. बोर्डीचा हिशोब साधा: शनिवार-रविवार, जाऊन-येऊन आठ-नऊ तास रस्ता, उरलेलं सगळं किनाऱ्याचं. इंधन वीस-बावीस लिटर.

अंदमानला जाणाऱ्यांनी सूर्याचं वेळापत्रक आधी बघावं. ते बेट आपल्या पूर्वेला खूप दूर, पण घड्याळ आपलंच. या दिवसांत तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. नाशिकच्या सवयीने नऊला नाश्ता करून निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. पहाटे साडेपाचला पाण्याकाठी असावं. प्रवाळ बघायचं तर तिथे जावंच, त्याला बोर्डी हा पर्याय नाही. पण वर्षातून चार वेळा समुद्र बघायचा असेल, आई-वडिलांना घेऊन जायचं असेल, मुलाची परीक्षा सोमवारी असेल, तर अंदमानचा उपयोग नाही. समुद्राशी ओळख पुन्हा पुन्हा जाऊनच होते. एकाच किनाऱ्यावर पौषात, फाल्गुनात आणि आश्विनात उभं राहिल्याशिवाय वारा फिरतो म्हणजे काय ते कळत नाही.

जून ते सप्टेंबर मात्र पाण्यात उतरणं नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. ज्या समुद्रात कोळी होडी घालत नाही, तिथे आपण काय म्हणून उतरायचं?

पौष शुद्ध चतुर्थी, शुक्रवार

रस्त्याबद्दल. सव्वापाचला नाशिक सोडलं की त्र्यंबक अंधारात मागे पडतं. आठनंतर दर्शनाच्या गाड्यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. टाकी नाशिकमध्येच भरून घ्यावी, हजार-दोन हजार रोख खिशात ठेवावी, कारण मोखाड्याच्या अलीकडेपलीकडे मोबाईलची रेंज जाते आणि तिच्याबरोबर ऑनलाइन पैसेही. सहाशे मीटर उंचीवरून समुद्रसपाटीला उतरायचं आहे. तोरंगण घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरावं, सतत ब्रेकवर पाय ठेवला की खाली येईपर्यंत जळका वास सुटतो. मुलांना निघताना दूध देऊ नये, कोरडी पोळी किंवा खाकरा द्यावा. घाटात दूध पोटाला जड जातं. पोटभर खाणं जव्हारला.

गाडी वाळूवर नेऊ नये. त्याला बंदी असते, आणि ओली वाळू वरून डांबरासारखी दिसली तरी वीतभर खाली चिखल असतो. चाक रुतलंच तर रेस करू नये, गाडी आणखी खाली बसते. सगळ्यांना उतरवावं, टायरची हवा अठरा-वीसवर आणावी, चाकासमोरची वाळू हाताने काढून पायपुसणी घालावी आणि दुसऱ्या गिअरवर हळूच क्लच सोडावा. हे सगळं भरतीच्या आधी. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, खार राहिला की सायलेन्सर आधी गंजतो.

रविवारी दोनच्या आत परत निघावं, म्हणजे जव्हारच्या वरचा भाग उजेडात संपतो. मासे घ्यायचे तर निघतानाच. पापलेट कल्ल्याजवळ दाबून बघावं, पांढरा द्रव आला तर ताजं, लालसर आला तर सोडून द्यावं. किलोला किलोभर चुरलेला बर्फ, थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फ, एक थर मासे. खोक्याला खाली भोक ठेवावं आणि ते ताटात बसवावं. वितळलेल्या पाण्यात मासा पडून राहिला की मऊ होतो. बोंबील नाशिकपर्यंत आणायच्या भानगडीत पडू नये, त्याच्या अंगात पाणीच फार, तो तिथेच तळून खायचा.

घोलवडचे चिकू, ज्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कच्चेच घ्यावेत आणि बर्फाच्या खोक्यापासून लांब, मागच्या सीटखाली ठेवावेत. कच्च्या चिकूला गारठा लागला की तो नीट पिकत नाही, आतून टणक राहतो. घरी तांदळाच्या डब्यात ठेवले की बुधवार-गुरुवारपर्यंत मऊ होतात.