नाणेघाटातले धुके कागदावर उतरवताना

सह्याद्रीत भटकंती करताना मी वर्षानुवर्षे छायाचित्रे काढत आले. ती पाहून जागा ओळखू येत असे, पण तिथे उभी असताना माझ्या मनात काय चालले होते, हे कुठेच उमटत नसे. म्हणून मी पुण्यात एका जाणत्या छायाचित्रकाराकडे शिकायला जाऊ लागले. सरांनी सुरुवातीलाच अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याची ढगांची छायाचित्रे दाखवली. 1925 ते 1934 या काळात ‘इक्विव्हॅलंट्स’ या नावाने केलेल्या या मालिकेतील बऱ्याच चित्रांत क्षितिजसुद्धा नाही, वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हेही चटकन सांगता येत नाही, आणि तरीही प्रत्येक चित्राचा भाव निराळा आहे.

सरावासाठी मी जुन्नरजवळचा नाणेघाट निवडला. पावसाळ्यात कोकणाकडून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि दरीत कोसळणारे पाणी पुन्हा वर उधळतो. शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेवला की थेंब सुटे सुटे गोठतात. 1/8 वर त्यांचा वर चढणारा झिरझिरीत पदर होतो. कडा आपल्या जागी ठाम आणि पाणी मात्र आपला स्वभाव सोडून वर निघालेले, ही अस्वस्थता मला हवी होती, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. उजळ धुक्याला कॅमेऱ्याचा मीटर मध्यम राखाडी समजतो आणि चित्र मळकट येते. त्यासाठी एक्स्पोजर साधारण एका स्टॉपने (म्हणजे प्रकाश दुप्पट करून) वाढवायचे, हिस्टोग्राम (छटांचा आलेख, ज्याची उजवी बाजू उजळ भागांची असते) उजवीकडे कापला जात नाही ना हे पाहायचे आणि रॉ फाइलच (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) घ्यायची. आठ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्याच मिळतात, त्यामुळे पुढे कॉन्ट्रास्ट वाढवला की धुक्याच्या सलग छटांत पट्टे पडतात.

खरे शिक्षण प्रिंट काढताना झाले. पडदा स्वतः प्रकाश देतो, तर कागद खोलीतला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे झगझगीत पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र कागदावर अंधारे निघते. स्टुडिओतील पडद्याची उजळता 100 कॅंडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवून तो कॅलिब्रेट केलेला (रंग आणि उजळता प्रमाणानुसार जुळवलेला) होता. त्या कागदाचे आणि प्रिंटरचे आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याची पडद्यावरची झलक, पाहिला, तेव्हा काळा रंग एकदम फिका पडलेला दिसला. सर म्हणाले, “घाबरू नका, कागद काय देऊ शकतो ते तो आधीच सांगतोय.”

कागदाची निवड हा या साऱ्या प्रक्रियेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. बरायटा कागदावर (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या कागदावर) काळा खोल उतरतो आणि पृष्ठभागाला चमक असते. शंभर टक्के कापसाच्या 308 ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या मॅट (चमक नसलेल्या) कागदावर तितका गडद काळा मिळत नाही, पण उजळ छटा मऊ राहतात आणि शाई कागदात मुरल्यासारखी दिसते. धुक्यासाठी मी मॅट कागद घेतला. घाटातल्या ओल्या पायऱ्यांचा काळा त्यावर कमजोर पडला, म्हणून साऱ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट न वाढवता फक्त पायऱ्यांच्या कडांवरची चमक किंचित उचलली. शेजारी उजेड आला आणि तोच काळा दाट वाटू लागला. धुक्याच्या सर्वांत उजळ भागातही हलकी छटा राखली, कारण जिथे शाईच पडत नाही तिथे कोरा कागद उघडा पडतो आणि धुक्याला भोक पडल्यासारखे दिसते.

6000 बाय 4000 पिक्सेलची फाइल 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) सुमारे 20 बाय 13 इंचांची होते. एवढा महाग कागद एकदम वापरण्याऐवजी पायऱ्या, पाणी आणि धुके जिथे भेटतात त्या भागाच्या अरुंद पट्ट्या छापल्या, रात्रभर सुकू दिल्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून निवड केली. अंतिम प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने कागद, शाई आणि तारीख लिहिली. फ्रेम करताना काच आणि प्रिंट यांच्यामध्ये आम्लमुक्त माउंटबोर्ड (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर ठेवले, कारण आपल्याकडच्या दमट हवेत काचेला टेकलेला कागद चिकटतो आणि बुरशीही धरू शकते.