तुम्ही विचारलंत म्हणून: मी त्याला ‘तो’ का म्हणतो

डिसेंबर आला की दोन-तीन शाळांतून बोलावणं येतं. नारळ, शाल, पोरांचं संचलन, मग १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गेलेल्या माझ्या शाळासोबत्यावर माझं भाषण. नंतर चहा घेताना कुणीतरी शेजारी येऊन हळूच विचारतं, “साहेब, राग मानू नका. एवढे मोठे हुतात्मे, आणि तुम्ही सारखं ‘तो आला, तो म्हणाला’. कानाला बरं वाटत नाही हो.” एका मुख्याध्यापकांनी तर भाषण शाळेच्या अंकात छापताना परस्पर सगळे ‘तो’ काढून ‘ते’ घातले. अंक हातात आल्यावर पहिलं पान वाचेपर्यंत मला कळेना, हे कुणाबद्दल चाललंय.

तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. नाव मात्र लिहीत नाही. ते त्याच्या गावच्या चौकाला दिलेलं आहे, आणि ते वाचलं की तुम्ही लगेच ‘ते’वर जाल.

तो आणि मी साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं. आम्ही सुरुवातीच्या पोरांतले. वय अकरा. तसं आमच्या जिल्ह्याला फौजेचं अप्रूप नाही. अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पण आमच्याकडची माणसं जायची ती शिपाई म्हणून. पोरगं अधिकारी व्हायला निघालंय, याचं कौतुक होतं आणि थोडी भीतीही. त्याचे वडील कऱ्हाडकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, मीही.

तो बुटका होता आणि भयंकर चपळ. जेवणाची घंटा झाली की सगळ्यांच्या आधी मेसच्या दारात, म्हणून नाव पडलं ‘पळ्या’. गणितात कच्चा. गावच्या तालमीत लहानपणापासून अंग मळलेलं, त्यामुळे त्याच्याशी कुस्तीला उभं राहायचं धाडस कमी जणांत होतं. माझ्यात उगाचच होतं. रात्री पांघरुणात टॉर्च लावून खोबऱ्याच्या वड्या खायचा आणि पकडला गेला की अर्ध्या वड्या माझ्या नावावर टाकायचा. अशा माणसाला ‘ते’ कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

१९६७ ला आम्ही खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलो, तिथून डेहराडूनला लष्करी अकादमीत. अरुण खेतरपाल आमच्याच काळातला. जन्म पुण्याचा. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये गेला आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत रणगाड्यातच गेला. वय २१. परमवीर चक्र मिळालं, खडकवासल्याच्या परेड ग्राउंडला त्याचं नाव आहे. पण पोरांना मी विचारतो, “खेतरपाल यांनी शत्रूचे रणगाडे उडवले, असं वाचलं की कोण दिसतं?” पोरं सांगतात, मोठ्ठा माणूस, काकांएवढा. ‘यांनी’ म्हटलं की वीस वर्षं वाढतात माणसाची. तुमच्या घरात एकवीस वर्षांचं पोर असेल तर बघा त्याच्याकडे. अजून टॉवेल पलंगावर टाकत असेल.

फौजेत आदराचं गणितच निराळं असतं. डेहराडूनला ड्रिलचे उस्ताद आम्हाला ‘साहब’ म्हणत आणि त्याच वाक्यात आमच्या अकलेची पार माती करत. शिव्याही ‘आप’ म्हणून. तेव्हा कमिशन मिळालं की खांद्यावर एक तारा लागायचा आणि पंचेचाळीस वर्षांचा सुभेदार तुम्हाला सॅल्यूट ठोकायचा. तुम्हीही त्याला ‘साहेब’च म्हणता. दोघं एकमेकांना साहेब. कुणी कुणाचा बाप शोभेल इतकं अंतर असतं, पण ते बोलण्यात कधी येत नाही.

पळ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीत गेला, मी तोफखान्यात. सहा महिन्यांत लढाई लागली. तो पंजाबात रावीकाठी, मी जम्मूकडे. १७ डिसेंबरला रात्री आठला शस्त्रसंधी झाली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी मला कळलं की तो नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी फारसं काही वाटलं नाही. थंडी होती, झोप नव्हती, आणि अशी नावं रोज येत होती.

लढाई थांबली तरी सैन्य पुढचे कित्येक महिने सीमेवरच होतं. मार्चमध्ये मी दोन दिवसांची परवानगी काढून त्याची पलटण शोधत गेलो. तिथं त्याच्या कंपनीतले सुभेदार भेटले. कोल्हापूरकडचे, पिकल्या मिशांचे. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी रिपोर्ट दिल्यासारखं. रात्रीचा हल्ला, पुराचं पाणी अडवायला घातलेला मातीचा उंच बांध, त्यात खोदलेले बंकर, वरून मशीनगन. साहेब पुढं होते. पहिला बंकर साहेबांनी ग्रेनेड टाकून बंद केला. दुसऱ्याकडे साहेब उठले.

इथं ते थांबले. मग म्हणाले, “साहेब, माझी एक चूक झाली. ती रिपोर्टात नाही.”

मी म्हटलं, सांगा.

“दुसरी गन मला दिसली, साहेबांना दिसली नव्हती. मी ओरडलो.” परत थांबले. “‘खाली पड रे पोरा’ असं ओरडलो. साहेबांना मी ‘रे’ म्हणालो. सगळ्या जवानांच्या देखत.”

सत्तावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. एवढी लढाई झाली, पोरं गेली, आणि तीन महिने त्यांना हेच टोचत होतं. मी काय बोलणार? “त्याला ऐकू आलं का?” एवढंच विचारलं. ते म्हणाले, “आलं असणार. मान वळवली होती माझ्याकडं.”

माझा ‘तो’ तिथून पक्का झाला. त्याच्या आयुष्यातला शेवटचा शब्द, त्याला उद्देशून कुणी उच्चारलेला, एकेरीतला होता. मी त्यात वर आदर कशाला चढवू?

बाकीचं थोडक्यात. लढाईत गेलेल्याला शवपेटीतून घरी आणायची पद्धत कारगिलपासून, १९९९ नंतर रुळली. ७१ मध्ये बहुतेकांचे अंत्यसंस्कार पलटणीनंच तिथं जवळपास केले. घरी गेली ती तार, मग अस्थी, मग काळी ट्रंक. ट्रंक उघडताना मी होतो. एक स्वेटर, बुटांचं पॉलिश, गुरुजींच्या पत्रांची चळत. प्रत्येक पत्र ‘चि.’नं सुरू होणारं, ‘चि. … यास अनेक उत्तम आशीर्वाद.’ पत्ता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. डिसेंबरातलं एक पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ते वेगळं परत आलं. गुरुजींनी ते न फोडता चळतीत सगळ्यात वर ठेवलं. आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक होतं म्हणा.

वर्षश्राद्धाच्या वेळी पत्रिकेचा मसुदा मी लिहून नेला. नावाआधी रीतीप्रमाणे ‘कै.’ घातलं होतं. गुरुजींनी लाल पेन्सिल घेतली, शुद्धलेखन तपासावं तशी ते एक अक्षर खोडलं आणि कागद परत दिला. त्या जागी काही लिहिलं नाही. पत्रिका तशीच छापली. पुढं बऱ्याच वर्षांनी चौकात पाटी लागली, तिच्यावर ‘हुतात्मा’ आलं. तेव्हा गुरुजी नव्हते, नाहीतर पेंटरची पंचाईत झाली असती.

पाटीवर माझा राग नाही. गावानं प्रेमानं लावली आहे, दर सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, तिला हार असतो. पण दिल्लीला इंडिया गेटजवळ २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथं जाऊन बघा. गोलाकार भिंतींत ग्रॅनाइटच्या विटा आणि प्रत्येक विटेवर एक माणूस. हुद्दा आणि नाव. हुतात्मा नाही, श्री नाही. मला त्याची वीट सापडायला पाऊण तास लागला. जवळ उभा असलेला जवान म्हणाला, “आपके कौन थे, सर?” तिथंही ‘थे’. मी म्हटलं, “साथ में पढ़ता था.”

गेल्या डिसेंबरातलं सांगतो. वाईकडच्या एका शाळेत भाषण संपल्यावर सातवीतला एक पोरगा उठला. बुटका, बटण तुटलेलं. म्हणाला, “तो कुस्तीत तुम्हाला हरवायचा का?” बाई लगेच, “ते म्हणावं, ते!” पोरगा गोंधळला, खाली बसायला लागला. मी म्हटलं, “बाई, राहू द्या. उभा राहा रे. तीनदा हरवलं त्यानं मला. चौथ्यांदा त्याचा पाय मुरगळला, म्हणून वाचलो.”

“मग जिंकलात?”

“नाही,” मी म्हटलं. “लंगडत येऊन पाडलं.”