कात्री कुठे लागली

बारा वर्षं मी बातम्यांचे व्हिडिओ कापतेय. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातून वीस सेकंदांची बाइट काढायची, इन पॉइंट म्हणजे तुकडा जिथून सुरू होतो, आउट पॉइंट म्हणजे जिथे संपतो, की पुढची फाइल. म्हणून एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्गची ती क्लिप आली तेव्हा निदान मला तरी शंका यायला हवी होती.

अमेरिकी सिनेटमधली सुनावणी. ८४ वर्षांचे सिनेटर ऑरिन हॅच विचारतात, वापरणारे पैसे देत नाहीत, मग तुमचा धंदा चालतो कसा? झुकरबर्ग म्हणतो, ‘सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो.’ आणि हसतो. मीही हसले, पुढे पाठवली. आजोबांना इंटरनेट कळत नाही, हाच अर्थ मीही घेतला.

खूप नंतर त्या सुनावणीचा शब्दशः मजकूर वाचला. हॅच त्याच पाळीत, त्या प्रश्नाच्या आधीच बोलून गेले होते: जगात फुकट काही नसतं. फेसबुक, गूगल पैसे घेत नाहीत म्हणजे मोबदला दुसऱ्या वाटेनं वसूल करतात, आणि हे ते उघड सांगत असतील तर त्यात गैर नाही. मग २०१० ची आठवण काढली. फेसबुक कायम मोफत राहील असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, आजही तसंच का? झुकरबर्ग हो म्हणाला. त्यानंतर तो प्रश्न आला. उत्तर ठाऊक असलेला माणूस समोरच्याकडून ते वदवून घेत होता, असं मला तरी स्पष्ट दिसतं.

इन पॉइंट प्रश्नावर ठेवला आणि एवढं सगळं गेलं. सुनावणी होती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची फेसबुकवरची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याबद्दल. चालली जवळपास पाच तास. आठवणीत राहिली एक ओळ.

या सुनावण्या कापायला फार सोप्या असतात. प्रत्येक सदस्याला मोजकी मिनिटं, म्हणून प्रश्न तोडलेले, उत्तरं आखडलेली. समोर माइक, मागे बसलेल्यांचे चेहरे, कॅमेरा स्थिर. चौकट आयतीच तयार, कॅप्शन तेवढं बदलायचं. सिनेटर ब्लूमेंथाल यांचंही २०२१ मध्ये असंच झालं. ‘फिन्स्टा बंद करण्याचं वचन द्याल का?’ एवढंच फिरलं. फिन्स्टा म्हणजे मुलांचं इन्स्टाग्रामवरचं लपवलेलं दुसरं खातं, हे त्यांनी त्याच सुनावणीत आधी नीट सांगितलं होतं.

प्रत्येक मीम खोटं ठरतं असं मात्र नाही. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या सदस्य मॅक्सिन वॉटर्स तिथले तेव्हाचे अर्थमंत्री म्नुचिन यांना पुन्हा पुन्हा अडवत होत्या, ‘माझा वेळ मी परत घेते आहे.’ साक्षीदार उत्तर टाळून वेळ खात असेल तर सदस्यानं वापरायचं हे नियमातलं वाक्य. लोकांनी त्याची गाणी केली, तरी अर्थ शाबूत राहिला, कारण तो सगळा त्या वाक्यातच होता.

हॅच २०२२ मध्ये गेले. ती क्लिप अजून येते.

परवा एका चौकशीची बाइट कापताना इन पॉइंट मी अकरा सेकंद मागे नेला, प्रश्नाच्याही आधी. लांबी जास्त झाली म्हणून फाइल परत आली. मी शेवटचं वाक्य कापलं, सुरुवात तशीच ठेवली आणि पुन्हा पाठवली.