आमची वाटचाल : तेलाचा रंग बदलतो तेव्हा

मेणबत्तीसाठी सुगंधी तेलं बनवायला लागलो तेव्हा आमचं सगळं लक्ष वासावर होतं. तेल मेणात नीट मिसळतंय का, मेणबत्ती न पेटवता किती दरवळते, पेटवल्यावर खोलीभर वास पसरतो का, वात काजळी धरते का, एवढंच आम्ही तपासायचो. रंगाचा विषय काढला तो एका नेहमीच्या ग्राहकाने. मागच्या खेपेची आणि नव्या खेपेची बाटली शेजारी शेजारी ठेवून त्यांनी फोटो पाठवला होता. एक फिकट सोनेरी, दुसरी चांगलीच तांबूस. खाली एकच ओळ : "हे तेच तेल आहे ना?"

तेल तेच होतं. सूत्र तेच, मापंही तीच. फरक होता पॅचुलीचा, म्हणजे त्यातल्या एका सुगंधी पानांच्या तेलाचा. पॅचुलीचं तेल लोखंडी भांड्यात ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफेवर, काढलं तर गडद तपकिरी उतरतं, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात काढलं तर बरंच फिकट. आमच्याकडे या वेळी गडद माल आला होता. वासात दोष नव्हता, पण हे ग्राहकाला पटेल असं सांगायला तेव्हा आमच्याकडे कागदावर काहीच नव्हतं. म्हणून प्रत्येक घटकाचा आणि प्रत्येक बॅचचा रंग आम्ही नोंदवायला लागलो. पुढे आमच्या कामाची पद्धत या नोंदींवरच उभी राहिली.

नैसर्गिक घटकांचा रंग पीक, हंगाम, काढण्याची रीत आणि साठवण यांवर ठरतो. संत्र्याच्या सालीच्या तेलाला कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे रंग असतो आणि उजेडात ठेवलं की तो उडतो. लवंगेतलं युजेनॉल हवा लागली की गडद होतं. मोगरा-जाईच्या सुगंधात लागणारं इंडोल उजेडात लालसर पडतं. हे सगळं ठाऊक असलं तरी आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते आमच्या संत्रीफुलांच्या मिश्रणाने. त्यात मिथाइल अँथ्रानिलेट आहे आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलालही. दोन्ही सुगंधी रसायनं, पण जात वेगळी : एक अमाइन, दुसरं अल्डिहाइड. दोन्ही एकत्र आली की आपापसांत जुळून 'शिफ बेस' नावाचं नवं संयुग तयार होतं आणि तेल हळूहळू गर्द पिवळं होत जातं. म्हणजे एकाच बॅचमधली बाटली ताजी पाठवली तर फिकट दिसते, उशिरा पाठवली तर गडद. आता हे मिश्रण पूर्ण मुरल्याशिवाय आम्ही त्याचा रंग मोजत नाही आणि ते बाहेरही पाठवत नाही.

मोजायला गार्डनर मापक वापरतो : १ म्हणजे जवळजवळ रंगहीन, १८ म्हणजे गडद तपकिरी. आमच्या विश्लेषण पत्रकावर रंगाचा एकच आकडा नसतो, 'इथपासून इथपर्यंत' असा पट्टा असतो. त्याच्या शेजारी अपवर्तनांक (तेलात शिरताना प्रकाश किती वळतो) आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत तेल किती जड). हे दोन आकडे आम्हाला रंगापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. एकदा लिंबूवर्गीय कच्चा माल आला, त्याचा रंग जुन्या नमुन्याशी तंतोतंत जुळला, पण अपवर्तनांक जुळेना आणि वासात शिळेपणा होता. तो माल आम्ही परत पाठवला. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली असती तर तो थेट ग्राहकांच्या मेणबत्त्यांत गेला असता.

मेणबत्ती करणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट नेहमी आग्रहाने सांगतो : बाटलीतला रंग आणि मेणातला रंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शंभर ग्रॅम मेणात आठ ग्रॅम तेल पडलं की छटेतला थोडाफार फरक बहुधा कळतही नाही. उलट बाटलीत जवळजवळ रंगहीन दिसणारं तेल पांढऱ्या सोया मेणबत्तीला काही आठवड्यांत तपकिरी करू शकतं, कारण त्यात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा गोड वास देणारा घटक, असतं. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली कृत्रिमरीत्या बनवलेला हा घटक मूळचा पांढरा स्फटिकी. पण हवा आणि उजेड मिळाला की तो रंग धरतो.

हे पाहायचं असेल तर आमची चाचणी घरीही जमते. काचेच्या ग्लासात मेणबत्ती ओता, अर्ध्या ग्लासाला बाहेरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि खिडकीत ठेवा. काही दिवसांनी फॉइल काढली की मेणावर सरळ रेघ उमटलेली दिसते. एका बाजूला ओतलं तेव्हाचा रंग, दुसऱ्या बाजूला पिवळट झाक. व्हॅनिलिन असलेल्या प्रत्येक नव्या तेलाची अशी मेणबत्ती आम्ही ठेवतो आणि तिचा फोटो ग्राहकांना दाखवतो.

सगळ्या बॅचेस एकसारख्या दिसाव्यात म्हणून तेलातच थोडा रंग टाका, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. आम्ही ते करत नाही आणि करणारही नाही. मेणबत्ती करणारा स्वतःचा रंग मोजून टाकतो. त्यात आमचा लपवलेला रंग मिसळला तर त्याची छटा बिघडणार, आणि का बिघडली ते त्याला कधीच कळणार नाही. शिवाय बदललेला रंग कधीकधी खरंच जुन्या झालेल्या मालाची खूण असतो. ती खूण आपणच पुसायची हे आम्हाला मान्य नाही. ज्यांना शुभ्र मेणबत्तीच हवी त्यांच्यासाठी काही सुगंध व्हॅनिलिनशिवाय बनवले आहेत. त्यांचा गोडवा थोडा कमी भरतो, हे आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो.

प्रत्येक बॅचची एक बाटली गडद काचेत, काठोकाठ भरून, थंड जागी राखून ठेवतो. कोणाला शंका आली की जुना आणि नवा नमुना कोणता कुठला हे न सांगता, फक्त खुणेचा आकडा लिहून पाठवतो आणि दोन्ही मेणात ओतून, जाळून बघायला सांगतो. मोठी ऑर्डर असेल तर मात्र आधी कळवा. पूर्ण मागणी एकाच बॅचमधून काढून बाजूला ठेवता येते, आणि बॅच क्रमांक तुमच्या नोंदवहीतही राहतो.