बारीक अक्षराचा फॉन्ट आणि मावशीची पत्रिका

मावसबहिणीचं लग्न ठरलं आणि घरातली फुकटातली डिझायनर म्हणून पत्रिका माझ्याच गळ्यात पडली. मावशीने पिंटरेस्टवरचा एक फोटो पाठवला, त्यात ते केसासारखं बारीक लफ्फेदार इंग्रजी अक्षर, आणि खाली मेसेज, "अस्संच हवं गं, पण मराठीत."

इंग्रजी बाजू सोपी होती, ग्रेट व्हाइब्स नावाचा लफ्फेदार फॉन्ट टाकला. पण मावशी म्हणाली नावं सगळी कॅपिटलमध्ये कर, केली, तर नुसता वेलबुट्टीचा गुंता, नवरा कुठला नवरी कुठली कळेना. असल्या फॉन्टात पहिलंच अक्षर मोठं ठेवायचं, बाकी लहान.

मराठीत खरी मजा. ग्रेट व्हाइब्सला देवनागरी नाहीच, टाइप केलं की कॉम्प्युटर आपल्या मनाने भलताच फॉन्ट घुसडतो. मग कुठूनतरी एक फुकटचा कॅलिग्राफी फॉन्ट उतरवला. नवरी श्रद्धा, नवरा अद्वैत, म्हणजे फॉन्टची परीक्षाच की! श्रद्धाचं झालं श्रद्‌धा, द चा पाय मोडलेला आणि ध शेजारी फटकून उभा. डिलीट.

मला वाटतं गोची मुळातच आहे. इंग्रजीचं ते नाजूक वळण टोकदार निबचं, खाली येताना दाबलं की रेघ जाड, वर जाताना हात हलका की बारीक. आपलं वळण बोरूचं, त्यात जाडबारीक येतं ते बोरूच्या तिरक्या कापामुळे. शिवाय त्यांची अक्षरं खालून जोडतात, आपली शिरोरेषेला लटकतात. (मोडी लिहिणारे तर आधी आडवी रेघ मारून घ्यायचे आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जायचे, त्यामुळे पळतं अक्षर आपल्याकडे नव्हतं असं नाही हां.)

शेवटी कलम नावाचा फॉन्ट घेतला, इंडियन टाइप फाउंड्रीचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन वजनांत, म्हणजे रेघेच्या तीन जाड्यांत. स्केचपेनने लिहिल्यासारखा आहे, मावशीच्या फोटोइतका नाजूक नाही, पण जोडाक्षरं नीट. लाइटमध्ये फक्त दोन नावं, चांगली मोठी, आणि मुहूर्त, स्थळ, आप्तेष्ट वगैरे सगळं मुक्ता नावाच्या साध्या फॉन्टमध्ये. मध्ये एकदा जरा मोकळं दिसावं म्हणून अक्षरांमधलं स्पेसिंग वाढवलं तर शिरोरेषाच तुटली, दात पडलेल्या फणीसारखी, लगेच शून्यावर आणलं.

प्रूफ आलं तर मरून रंगाच्या छपाईत पांढरी सोडलेली अक्षरं, आजूबाजूची शाई पसरून अद्वैतच्या मात्रा अर्ध्या गिळलेल्या. स्क्रीनवर झूम करून बघताना हे कळतच नाही. नावं रेग्युलरमध्ये केली, मावशीला फरक कळलासुद्धा नाही.

फायनल फाइल पाठवायच्या आधी प्रेसवाल्या काकांचा फोन, "ताई, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा, आमच्याकडे तुमचा फॉन्ट नाही, नाहीतर श्रद्धाचं काय होईल ते मला विचारू नका."