सरासरी १०८०, उंबरठा १०००

पीक विम्यासाठी निवडक शेतांतला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजतात. या पीक कापणी प्रयोगांचे आकडे तपासून त्यांची मंडळनिहाय, म्हणजे काही गावांच्या महसुली गटानुसार, सरासरी काढणे हे तालुका पातळीवरचे माझे काम. एका खरिपात सोयाबीनचा असा एक तक्ता समोर आला की, ज्यातले गणित कुठेही चुकलेले नव्हते आणि निकाल मात्र कोणालाच पटत नव्हता.

प्रयोगाची रीत काटेकोर असते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात नैर्ऋत्य कोपऱ्यापासून अंतर मोजून १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखतात आणि खुंट्या रोवल्यावर कर्ण ११.१८ मीटर भरला, तरच कोपरे काटकोनात आहेत असे मानून दोरी ताणतात. एवढा मोठा प्लॉट कशासाठी, असे नवखे कृषी सहायक विचारतात. प्लॉट लहान असेल, तर क्षेत्राच्या मानाने कड जास्त येते, कडेची झाडे आत धरली जातात आणि उतारा (उत्पादनाचा आकडा) फुगतो; सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात हे दाखवून दिले होते.

त्या मंडळातील दहा प्लॉटांची वजने, पूर्णांकात सांगायची तर, २, २, ३, ३, ३, ४, ४, १०, ११ आणि १२ किलो होती. शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिलेली. मुरमाड माळावरची सात शेते करपली आणि नाल्याकाठच्या काळ्या जमिनीतली तीन तरली. बेरीज ५४, सरासरी ५.४ किलो; प्लॉट हेक्टरचा दोनशेवा भाग असतो, म्हणजे हेक्टरी १०८० किलो. विम्यासाठीचे उंबरठा उत्पादन, म्हणजे मंडळाची सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, १००० किलो होते, त्यामुळे भरपाई शून्य. शेजारच्या मंडळात दोन प्लॉट ४ किलोचे आणि आठ ५ किलोचे निघाले. तिथली सरासरी ९६० किलो, उंबरठ्यापेक्षा ४० किलोने कमी, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या चार टक्के भरपाई तिकडे बसली.

चौकशीला आलेल्या मंडळींपैकी एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, “साहेब, दहातल्या सात जणांना पाच किलोसुद्धा झालं नाही, मग ही सरासरी कोणाची?” प्रश्न बिनतोड होता. ५.४ किलोच्या आसपास त्या मंडळात एकही प्लॉट नव्हता. मध्यक, म्हणजे वजने क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३.५ किलो होता, म्हणजे हेक्टरी ७००, आणि बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेले वजन, ३. वजने सरासरीपासून किती विखुरली आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन काढले, तर ते जवळजवळ ३.९५ किलो आले. शेजारी ते अवघे ०.४२ होते. ३.९५ला दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे तिच्यातल्या अनिश्चिततेचे माप, मिळते, ती १.२५ किलो, म्हणजे हेक्टरी २५० किलो. ज्या अंदाजात एवढी अनिश्चितता आहे, तो उंबरठ्याच्या ८० किलो वर आहे की खाली, हे दहा प्लॉटांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही; तरीही नियमाला हो किंवा नाही एवढेच हवे असते.

मला खटकले ते याहून वेगळे. उंबरठा ठरवताना मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने (विमा संरक्षणाच्या ठरलेल्या टक्केवारीने) गुणतात, कारण दोन वाईट वर्षांनी सरासरी खाली ओढू नये, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. मात्र तीन चांगल्या शेतांनी ती वर ओढली, तर त्यावर काही तजवीज नाही. केवळ मध्यक घेणे हाही उपाय नव्हे, असे माझे मत. दहातली चारच शेते बुडाली, तर मध्यक त्यांची दखलही घेणार नाही, शिवाय मंडळाच्या एकूण उत्पादनाचा अंदाज सरासरीवरूनच निघतो. खरी गरज आहे ती माळ आणि नाल्याकाठ वेगळे धरून प्रयोग वाढवण्याची.

विहित नमुन्यात प्रमाण विचलनाचा रकाना नसतो. मी सरासरी आहे तशीच ठेवली आणि शेऱ्यात दहाही वजने, प्रमाण विचलन व जमिनीचा प्रकार नोंदवून तक्ता वर पाठवला.