डोकं खरंच दुखतंय, मग मानसशास्त्रज्ञाकडे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर. प्रश्न नेहमीचाच: मायग्रेन आहे, एमआरआय नॉर्मल आला, गोळ्या चालू आहेत, आणि आता डॉक्टर मानसशास्त्रज्ञाकडे जा म्हणतात. म्हणजे दुखणं मनाचंच का?

नाही. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण वारंवार दुखून वेदनेची यंत्रणा हळवी होते. झोपेची ओढाताण, आवळलेला जबडा आणि ‘आज पुन्हा सुरू होणार’ ही धास्ती तिला आणखी हळवी करतात. एवढा भाग सरावाने बदलता येतो, म्हणून तिकडे पाठवतात.

आधी चार आठवडे डायरी. रात्री एकदाच लिहायचं: कधी सुरू झालं, किती तास टिकलं, ० ते १० पैकी किती, झोपेच्या वेळा, पाळी, घेतलेली गोळी. तासातासाला नोंदी नकोत, त्याने लक्ष दुखण्यावरच खिळतं. खरा महत्त्वाचा रकाना गोळीचा. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीनेच डोकं दुखू लागण्याचा धोका असतो. गोळ्या नव्हे, दिवस मोजा. हे निघालं तर आधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर पुढच्या मेहनतीचं चीज होत नाही.

मग स्नायू सैल सोडण्याचा सराव. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत बसवली. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा. मूठ पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा. पुढची वीस-तीस सेकंद फक्त हातातला फरक बघा; शिकायचं असतं ते इथेच. पुढे दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, पाय. जबडा आणि मान मात्र अगदी हलकेच ताणा, जोर लावलात तर तिथूनच दुखणं उठेल. रोज पंधरा-वीस मिनिटं. काही आठवड्यांनी आवळल्याशिवायही सोडता येतं. मग कामाच्या मधे दहा सेकंद: दात सुटे, जीभ सैल, खांदे खाली.

बहुतेकांचं बिनसतं ते एकाच जागी: सराव फक्त डोकं दुखतं तेव्हाच करतात. ऐन दुखण्यात नवं कौशल्य शिकता येत नाही. ते बऱ्या दिवशी अंगवळणी पडावं लागतं. दुसरी चूक म्हणजे मधेच ‘कमी झालं का?’ असं तपासणं. अंथरुणात केलात तर झोप लागते. झोप चांगलीच, पण सराव बुडतो. सैल सोडणं जमतच नसेल तर बायोफीडबॅक उपयोगी पडतं: बोटाला लावलेल्या सेन्सरवर तापमान वाढताना दिसतं, म्हणजे आपण योग्य करतोय हे कळतं.

ट्रिगर, म्हणजे दुखणं सुरू करणाऱ्या गोष्टी, टाळण्याचा अतिरेक मात्र करू नका. उजेड, आवाज, प्रवास, माणसं असं एकेक वगळत गेलं की जगणं आक्रसतं आणि सहनशक्तीही घटते. झोपेची आणि जेवणाची वेळ सांभाळा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बाकीच्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायला समुपदेशक शिकवतात.

फरक पडला का, हे आठ-दहा आठवड्यांनी डायरीतल्या दिवसांवरून ठरवा. प्रतिबंधक औषध, म्हणजे झटके टाळण्यासाठी दिलेलं, स्वतःहून बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतात. आणि अचानक उठलेली, आजवर कधीच नव्हती अशी भयंकर डोकेदुखी असेल, किंवा डोकेदुखीसोबत ताप आणि ताठलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा अडखळणारं बोलणं असेल, तर सराव-बिराव काही नाही, तडक इस्पितळ.